राजबंदी, स्थानबद्ध, युद्धकैदी… नक्की कोणाला काय म्हणायचं?

युद्ध चालू असताना सरकारने खटला न भरता आत टाकलेल्या राजकीय लोकांवर लिहितोय. पेपरात एकाच बातमीत राजकीय कैदी, राजबंदी, स्थानबद्ध, नजरकैदेतले असे चारही शब्द एकमेकांच्या जागी ठेवून दिलेले दिसतात, कधीकधी तर सरळ युद्धकैदीच. यात काही फरक आहे की सगळंच चालतं? आणि आत मारझोड झाल्याचा आरोप असेल तर 'कथित अत्याचार' लिहायचं का? मला ते वाचतानाच खटकतं.

—

चालत नाही हो. युद्धकैदी म्हणजे शत्रूच्या फौजेतला पकडलेला माणूस. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे त्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर एवढंच सांगायचं, पुढचं विचारलं तर गप्प बसायचा त्याला हक्क आहे आणि लढाई संपली की त्याला परत पाठवायचं, नुसता लढला म्हणून खटला भरता येत नाही. 1971 चे 93 हजार युद्धकैदी असं आपण सरसकट म्हणतो पण त्यातही सगळे सैनिक नव्हते, नागरी लोक होते, बायकामुलं होती. आणि स्वतःच्याच सरकारने उचललेला पुढारी युद्धकैदी कसा काय होईल?

राजबंदी हा शब्द मात्र जपून वापरा. कंपनी सरकारचं बंगालचं 1818 चं रेग्युलेशन होतं, मुंबई इलाख्याचं 1827 चं होतं, त्याखाली ज्याला ना आरोपपत्र ना खटला असं नुसतं सरकारच्या मर्जीवर डांबायचे तो स्टेट प्रिझनर, म्हणजे राजबंदी. 1897 साली पुण्याच्या नातू बंधूंना असंच 1827 च्या रेग्युलेशनखाली उचललं. टिळकांवर 1908 साली रीतसर खटला चालला, शिक्षा सुनावली गेली, ते राजकीय कैदी. आता बोलताना दोन्हीला राजबंदी म्हणतात, म्हणोत बापडे, पण लिहिताना हा फरक पुसला गेला तर खटला झाला होता की नाही हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

—

वरच्याशी सहमत, फक्त 'स्थानबद्ध'वर माझा जुना राग आहे. शब्द ऐकून वाटतं माणसाला एका जागी बसवून ठेवलंय, चहापाणी चाललंय. दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांतल्या 26 व्या नियमाखाली हजारो लोक खटल्याशिवाय असे 'बसवले' होते. एप्रिल 1943 मध्ये केशव तळपदे खटल्यात फेडरल कोर्टाने तो नियमच मूळ कायद्याच्या बाहेर जातो म्हणून रद्दबातल ठरवला. मग लोक सुटले असं वाटेल तुम्हाला, तर नाही, सरकारने लगेच वटहुकूम काढून मागच्या तारखेपासून सगळं कायदेशीर करून टाकलं.

देवळीचंच बघा ना, राजस्थानातली छावणी, वर्ध्याची देवळी नव्हे. 1941 साली तिथे समाजवादी आणि कम्युनिस्ट स्थानबद्ध होते, जयप्रकाश नारायणही होते, उपोषण झालं. पुढे 1962 च्या युद्धात तिथेच चिनी वंशाची कुटुंबं, म्हातारीकोतारी नि पोरंबाळं धरून नेऊन ठेवली, त्यातली बरीच इथेच जन्मलेली. ना सैनिक, ना राजकारणी. त्यांनाही स्थानबद्धच म्हणायचं? मी तरी सरळ 'छावणीत डांबलेले नागरिक' लिहितो, लांब झालं तर झालं.

—

नजरकैद म्हणजे घरात किंवा बंगल्यात पहाऱ्यात ठेवणं, हल्ली तरी एवढ्यापुरतंच ठेवा, तुरुंगातल्या माणसाला लावू नका.

आता 'कथित'. हा शब्द नेमका कशाला चिकटतो ते कळत नाही ही त्याची खोड. 'कथित राजकीय कैद्यांचा छळ' म्हटलं की छळाबद्दल शंका आहे की ते राजकीय कैदी असण्याबद्दल? शिवाय म्हणतंय कोण ते गुलदस्त्यातच. त्यापेक्षा कर्ता आणा, 'छळ झाल्याचा कैद्यांचा आरोप, सरकारचा इन्कार'.

'अत्याचार' बातम्यांत आता बहुतेक वेळा लैंगिक अर्थानेच येतो, तसा आरोप नसेल तर वाचणारा भलतीकडे जातो. मारझोड, मारहाण अपुरे पडतात. जयप्रकाशांना 1943 मध्ये पकडल्यावर लाहोरच्या किल्ल्यात ठेवलं, तिथला त्यांचा आरोप काय होता, तर तासन्‌तास प्रश्नांची सरबत्ती आणि डोळा लागला की जागं करणं, रात्रीमागून रात्री. अंगावर वळ नाही, डॉक्टरला दाखवायला काही नाही. याला मारहाण कसं म्हणणार? छळ किंवा यातना. छळाला सासुरवासाचा वास येतो असं कोणी म्हणेल, म्हणून मी 'कोठडीतला छळ' असं जोडूनच लिहितो. संयुक्त राष्ट्रांच्या 1984 च्या करारासाठी 'यातनाविरोधी' बरा वाटतो. त्या करारात तर साफ लिहिलंय की युद्ध असो नाहीतर युद्धाची भीती, यातनांना ती सबब चालणार नाही. आपण 1997 साली सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही.

—

झकास, मग 'कथित' काढतो. एकच अडलंय, मिसा म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, त्याखाली धरलेल्या लोकांना काय म्हणू? कायदा 1971 चा, पण धरपकड गाजली ती आणीबाणीत.

—

मिसाबंदी. रुळलेला शब्द आहे, कशाला बदलताय.