मदत हवी आहे: अस्सल जुन्या पेनावर ट्रेडमार्कची तक्रार, लिस्टिंग काढलं

नमस्कार मंडळी. लिलावाच्या एका साइटवर मी जुनी फाउंटन पेनं विकतो. परवा त्यातलं एक लिस्टिंग चालू लिलावातून गायब झालं, तेही चांगली बोली लागलेली असताना! मेलमध्ये एवढंच की ट्रेडमार्कच्या मालकाने तक्रार केली. नेमकं काय खटकलं, पत्ता नाही.

पेन अस्सल आहे. निबवर कंपनीची खूण कोरलेली, क्लिपवरचा मुलामा उडालेला, आणि हे सगळं मीच काढलेल्या फोटोंत स्वच्छ दिसतं. बिल नाही, इतक्या जुन्या वस्तूचं बिल कोण जपतं?

साइट अमेरिकन आहे. टिफनी (दागिन्यांची कंपनी) विरुद्ध ईबे (लिलावाची साइट) खटल्याचा २०१० चा निकाल वाचला. ठरावीक लिस्टिंगबद्दल कळूनही साइटने ते चालू ठेवलं तर ती अडचणीत येऊ शकते, म्हणून साइट्स लिस्टिंग आधी काढतात आणि मग बघतात, इतपत समजलं. पण कॉपीराइटच्या तक्रारीला डीएमसीए या अमेरिकन कॉपीराइट कायद्याखाली प्रतिनोटीस (तक्रार चुकीची आहे असं साइटला लेखी कळवणं) देता येते. तक्रारदार कोर्टात गेला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो. ट्रेडमार्कसाठी कायद्यात तशी सोयच नाही. अजब आहे!

तक्रारदाराला थेट लिहून कुणी तक्रार मागे घ्यायला लावली आहे का? पुरावा म्हणून काय जोडलंत? त्यानंतर खात्यावरचा ठपका निघाला का? तोवर पुन्हा लिस्टिंग टाकत नाही, दुसऱ्या तक्रारीत खातंच जायचं. एका पेनापायी वकील गाठणं परवडणारं नाही.