फँटसी हॉकी : साडूकडून एरिक कार्लसन घ्यावा का? बजेट ७.५ मिलियन

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
नमस्कार मंडळी. ऑफिसातले आणि नात्यातले मिळून आम्ही दहा जण फँटसी हॉकी लीग चालवतो (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ, त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण), यंदा, २०२५-२६ ला, सहावं वर्ष. शक्यतो सगळं खऱ्या एनएचएलसारखं (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) : खेळाडूचा खराखुरा करार, ९५.५ मिलियन डॉलरची कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा), आणि एकदा घेतलेला माणूस करार संपेपर्यंत तुमच्या गळ्यात. मला ब्लूलाइनवर पॉवर प्लेला (समोरचा खेळाडू दंड होऊन बाहेर बसतो तेव्हा) पॉइंट, म्हणजे गोल किंवा गोलाचा पास (असिस्ट), काढणारा एक डिफेन्समन हवाय. कॅपमध्ये जागा आहे ७.५ मिलियन. एक सेंटही जास्त नाही.

साडू त्याच्याकडचा कार्लसन घे म्हणून मागे लागलाय. वय ३५, करार ११.५ मिलियनचा, अजून दोन सीझन बाकी. ऑगस्ट २०२३ मध्ये सॅन होसेने त्याला पिट्सबर्गला दिलं तेव्हा त्यातले १.५ स्वतःच्या कॅपवर ठेवले होते. साडू म्हणतो, 'मीही १.५ ठेवतो, शास्त्र असतं ते.' म्हणजे मला १० ला पडणार आणि जागा करायला कुणाला तरी काढावं लागणार. ड्राफ्ट (खेळाडू निवडायची बैठक) नवरात्रात, त्याच्याच घरी. घ्यावा का? नाहीतर दुसरं कोण?

बे_एरियातला_बाब्या
नको. नको. नको.
२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या सॅन होसे शार्क्सशी त्याचा आठ वर्षं, ९२ मिलियनचा करार झाला आणि मी त्याच आठवड्यात त्याची ६५ नंबरची जर्सी घेतली. तेव्हापासून आमच्या शार्क्सनी प्लेऑफचं (मोसमाअखेरच्या बाद फेरीचं) तोंड पाहिलेलं नाही. जर्सी आता गाडी धुताना घालतो. २०२२-२३ मधला त्याचा १०१ पॉइंटचा सीझन मी स्टेडियममध्ये बसून पाहिलाय. १९९१-९२ च्या ब्रायन लीचनंतर शंभरी गाठणारा पहिला डिफेन्समन! आणि संघ कुठे? तळाच्या चारांत. तो पुढे पक (रबरी चकती) घेऊन गेला की मागे आमचा गोली (गोलरक्षक) एकटा, लग्नघरात मांडव उतरताना उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा.

शीतकपाट
मकार घे. गेल्या सीझनला ३० गोल, ९२ पॉइंट, वर नॉरिस (सर्वोत्तम डिफेन्समनची ट्रॉफी). डोळे मिटून.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
@शीतकपाट मकार माझ्या बॉसकडे आहे. आणि तो ९ मिलियनचा आहे. ९ हे ७.५ पेक्षा जास्त असतात.

शीतकपाट
मग वेरेन्स्की. ८२ पॉइंट.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
साडेनऊच्या वर आहे तो.

ओटावाची_ओवी
इथे कार्लसनवर बोलायचा पहिला हक्क आमचा, तो आधी ओटावाचा होता. २०१३ मध्ये स्केटच्या पात्याने त्याची टाचेची शीर कापली गेली तेव्हा आता संपला असं सगळे म्हणाले. गडी त्याच मोसमात परत आला. २०१७ मध्ये टाचेच्या हाडाला तडे गेलेले असताना आम्हाला कॉन्फरन्स फायनलच्या (म्हणजे उपांत्य फेरीच्या) सातव्या सामन्यापर्यंत, तेही दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत ओढत नेलं. (तिथे आम्हाला हरवणारा गोल करणाऱ्या कुनिट्झचं नाव आमच्या घरात काढत नाहीत.) त्यानंतर घोट्याचं ऑपरेशन झालं आणि पाय पहिल्यासारखा राहिला नाही, हे माझं मत.

पण खरा मुद्दा पुढे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आम्ही त्याला सॅन होसेला दिला. मी दोन दिवस जेवले नाही. मोबदल्यात आलेल्या गोष्टींत एक पहिल्या फेरीचा पिक (लीगच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायची पाळी) होता. सॅन होसे इतकी घसरली की २०२० मध्ये तो तिसऱ्या क्रमांकाचा पिक झाला आणि आम्ही घेतला टिम श्ट्युत्झले. २०२२-२३ मध्ये पोराने ९० पॉइंट केले. तेव्हा बंड्या, म्हातारा किती महाग हे नंतर बघ. त्याच्या बदल्यात तू काय देतोयस ते आधी सांग.

बे_एरियातला_बाब्या
ओवीताई, जखमेवर मीठ चोळल्याबद्दल आभारी आहे.

खडकीचा_राजा
डिफेन्समनला एक कोटी डॉलर?? आमच्या खडकीच्या मैदानातून धनराज पिल्ले घडला, त्याला अख्ख्या कारकिर्दीत एवढे मिळाले नसतील. आणि चारशेच्या वर आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला दिलीप तिर्की कुठल्या भावात जाईल तुमच्याकडे?

शीतकपाट
धनराज फॉरवर्ड होता.

खडकीचा_राजा
माहितीये मला. मी खडकीचा आहे.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
राजाभाऊ, ही बर्फावरची हॉकी.

खडकीचा_राजा
बर्फावरची होय. मग चालू द्या. पण वरचा मुद्दा कायम.

स्कारबरोचे_काका
बंड्या, मी १९९४ साली इथे आलो, तेव्हा आमच्या टोरंटो मेपल लीफ्सचे सामने कार्लटन स्ट्रीटच्या गार्डन्समध्ये व्हायचे. आमच्याकडे लॅरी मर्फी होता. आमच्याच स्कारबरोत जन्मलेला, पस्तिशीचा, पगार मोठा. पाय हळू, डोकं वेगवान. त्याने पकला हात लावला की आख्खं स्टेडियम त्याची हुर्यो उडवायचं. मीही उडवली आहे, खोटं कशाला बोलू. नवीन होतो, सगळे करत होते तेच केलं. मार्च १९९७ मध्ये त्याला डेट्रॉइटला जवळजवळ फुकट देऊन टाकला. त्याने तिथे १९९७ आणि १९९८, लागोपाठ दोन स्टॅनली कप (लीगचं अजिंक्यपद) उचलले. आम्ही १९६७ च्या कपनंतर अजून बसलोय.

पस्तिशीच्या माणसाला हसू नये. जोडीला डेट्रॉइटच्या लिडस्ट्रॉमसारखा महान डिफेन्समन दिला तर तो सोनं करतो.

बे_एरियातला_बाब्या
काका, जोडीला लिडस्ट्रॉम असेल तर मीसुद्धा सोनं करीन.

रालीतली_रेवती
काकांशी सहमत. आमच्या कॅरोलायनाने २०२२ मध्ये ३७ वर्षांचा ब्रेंट बर्न्स घेतला. सगळे म्हणाले, वेडे झालेत. करार ८ मिलियनचा, पण सॅन होसेने ३४ टक्के स्वतःकडे ठेवले, आम्हाला सव्वापाचच्या आसपास पडला. दिलं काय, तर दोन साधे खेळाडू आणि एक तिसऱ्या फेरीचा पिक. पहिल्याच सीझनला ६१ पॉइंट! २०१३ पासून माणसाने एक सामना चुकवलेला नाही. दाढीत खारी राहत असाव्यात, पण गुडघे ठणठणीत. दोन कॉन्फरन्स फायनल पाहिल्या त्याच्यासोबत.

यंदा तो चाळीस वर्षांचा आहे आणि कोलोराडोत फक्त एक मिलियनच्या मूळ करारावर गेलाय. तोच घे. साडेसहा मिलियन उरतील, त्यात गोली घे.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
रेवती, पहिल्यांदा कुणीतरी बजेटमधलं बोललं! पण कोलोराडोत पॉवर प्लेवर मकार असताना बर्न्सला कोण उभं करणार? गेल्या वर्षी २९ पॉइंट होते.

रालीतली_रेवती
तू पॉइंटच बघ फक्त. ड्रेसिंग रूममधला अनुभव वगैरे काही नाही.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
फँटसी लीग आहे ताई. ड्रेसिंग रूम म्हणजे माझ्या मोबाइलमधलं अ‍ॅप.

नॉर्थ_यॉर्क_नंदू
घेतलास तर एक लक्षात ठेव, सॅन होसेने त्याच्या पगारातले १.५ ठेवले होते, तसं साडूला ठेवायला सांग.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
धन्यवाद नंदूशेठ. वर लिहिलंय.

फिलीचा_फडके
कार्लसन राहू दे बाजूला, आधी कराराची तारीख वाचायला शिका. २००९ मध्ये आमच्या फिलाडेल्फिया फ्लायर्सनी ख्रिस प्राँगर आणला. दोन पहिल्या फेरीचे पिक आणि दोन तरुण खेळाडू दिले. लगेच सात वर्षांचा नवा करार. सही केली तेव्हा तो ३४ चा होता, पण करार लागू होणार तोवर ३५ पूर्ण. आणि पस्तिशीनंतर लागू होणाऱ्या कराराचा नियम वेगळा होता : माणूस निवृत्त झाला तरी आकडा कॅपवरून हलत नाही.

पहिलं वर्ष स्वर्ग. २०१० ची फायनल गाठली, शिकागोकडून हरलो. ऑक्टोबर २०११ मध्ये टोरंटोविरुद्ध डोळ्याला स्टिक लागली, नोव्हेंबरनंतर तो खेळलाच नाही. करार मात्र जिवंत! निवृत्ती घेता येईना, म्हणून कागदोपत्री जखमी. पुढे तो लीगच्या खेळाडू-सुरक्षा विभागात नोकरीला लागला, आम्ही त्याचा करार ॲरिझोनाच्या गळ्यात मारला आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हाही कागदावर ॲरिझोनाचा खेळाडू होता. हत्ती गेला नि शेपूट राहिलं ते असं.

कार्लसनने सही केली तेव्हा तो २९ चा होता, त्यामुळे ही भानगड त्याला लागू नाही. पण म्हातारा घ्यायचा तर ही तारीख आधी बघा, एवढंच.

शीतकपाट
मिनेसोटाने सुटर आणि पारिसेचं काय केलं तेही सांगा. २०१२ मध्ये दोघांना प्रत्येकी तेरा वर्षं, ९८ मिलियन. २०२१ मध्ये पैसे देऊन घरी पाठवले आणि पुढे दोन सीझन दोघांचा मिळून पावणेपंधरा मिलियनच्या आसपास भुर्दंड कॅपवर. न खेळणाऱ्या माणसांचा!

फिलीचा_फडके
त्यांचा ट्रेड नव्हता तो. विषय ट्रेडचा आहे.

शीतकपाट
विषय महागड्या म्हाताऱ्यांचा आहे.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
भांडू नका. हां, आणि ओवीताईंनी विचारलं होतं त्याचं उत्तर राहिलं : साडूला बदल्यात माझा लेन हटसन हवाय.

ओटावाची_ओवी
काय???

बे_एरियातला_बाब्या
बंड्या, हा धागा पहिल्या ओळीतच संपला असता रे.

रालीतली_रेवती
साडू आहे की सावकार?

ओटावाची_ओवी
मी माँट्रियलवाल्यांचं कौतुक करणं म्हणजे पोटात दुखण्यासारखं आहे, तरी लिहिते. हटसन २१ वर्षांचा. पहिल्याच पूर्ण सीझनला ६६ पॉइंट, काल्डर ट्रॉफी (सर्वोत्तम नवख्याची), आणि पगार एक मिलियनच्याही आत. तुला पॉवर प्लेचा माणूस हवाय ना? तो तुझ्या घरात बसलाय! उंची पाच फूट नऊ इंच म्हणून दिसला नाही का?

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
अहो तो आहेच, मला दुसरा हवाय. शिवाय त्याचा करार पुढच्या उन्हाळ्यात संपतोय, मग महाग होणारच. साडू म्हणतो, आत्ता विकलास तर किंमत येईल.

स्कारबरोचे_काका
एक गंमत सांगतो. हटसनने ६० असिस्ट करून नवख्या डिफेन्समनच्या विक्रमाची बरोबरी केली ना, तो विक्रम आधीपासून कोणाच्या नावावर होता? १९८०-८१, लॉस एंजेलिस. लॅरी मर्फी. ज्याची मी हुर्यो उडवली तोच. एकदा शहाणा हो, पोर देऊ नकोस.

हिशेबनीस
सगळं वाचलं, आता पाटी पुसून आकडे मांडतो.
कार्लसनचे पॉइंट : सॅन होसेत १०१, मग पिट्सबर्गला ५६, मग ५३. त्या ५६ च्या सीझनला पिट्सबर्गचं प्लेऑफ तीन पॉइंटांनी हुकलं. १०१ चा आकडा विसरून जा; तेव्हा संघात दुसरं कोणी नव्हतं म्हणून सगळं त्याच्यातून जायचं. ५५ धर. ५५ पॉइंटला १० मिलियन महाग. ५५ पॉइंटला पावणेसहा वाईट नाही.
पावणेसहा कुठून आले? खऱ्या नियमात निम्म्यापर्यंत पगार स्वतःकडे ठेवता येतो. ११.५ चे निम्मे ५.७५. साडूने ते ठेवले तर तुझ्या ७.५ मध्ये माणूस बसतो आणि वर पावणेदोन उरतात. कुणाला काढायचीही गरज नाही. १.५ वर का थांबायचं? सॅन होसे थांबली म्हणून? बदल्यात पुढच्या वर्षीचा पहिला पिक दे, पण तू शेवटच्या तिघांत आलास तर पिक द्यायचा नाही ही अट घाल. हटसनचं नाव निघालं तर विषय बदल, गुळाच्या पोळ्यांवर बोल.

नॉर्थ_यॉर्क_नंदू
+१. आणि निम्मा पगार ठेवायला सांग.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
हिशेबनीस, दंडवत. आज फोन करतो.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
केला फोन. साडूला निम्मा ठेवता येत नाही. एका वेळी तीनच खेळाडूंचा पगार असा ठेवता येतो, त्याच्या दोन जागा आधीच भरल्यात, आणि तिसरीवर १.५ पेक्षा जास्त ठेवायला त्याच्याच कॅपमध्ये जागा नाही. म्हणून त्याला एक मिलियनच्या आतला हटसन हवा होता! चाळीस मिनिटं बोललो, त्यातली पंधरा सासूबाईंच्या गुडघ्यावर.

हिशेबनीस
म्हणजे तो तुला विकत नाहीये, स्वतःची सुटका करून घेतोय. उत्तर मिळालं. थांब. जानेवारीपर्यंत त्याची कॅप फुटेल, तेव्हा तोच फोन करेल.

ओटावाची_ओवी
अगदी. गरज त्याची आहे.

बे_एरियातला_बाब्या
+१

स्कारबरोचे_काका
थांबलेलं बरं. आम्ही १९६७ पासून थांबलोय.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मोकळ्या खेळाडूंच्या यादीतून क्रिस लेटँग उचलला. ६.१ मिलियन, बजेटमध्ये. हटसन घरीच आहे. साडूशी बोलणं चालू आहे. लेटँगही पिट्सबर्गचाच आहे, तीन कप नावावर आहेत, आणि २०२३-२४ मध्ये ५१ पॉइंट होते.

हिशेबनीस
गेल्या सीझनला ३०. वय ३८. आणि तिथे पहिल्या पॉवर प्लेवर कार्लसन असतो.

रालीतली_रेवती
एप्रिलमध्ये त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आहे. बरा राहो बिचारा, पण बंड्या, कार्लसन म्हातारा म्हणून त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा घेतलास?

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
७.५ मध्ये बसणारं नाव तुमच्यापैकी किती जणांनी सांगितलं?

रालीतली_रेवती
मी सांगितलं होतं.

फिलीचा_फडके
लेटँगचा करार २०२२ चा, सहा वर्षांचा. अजून तीन सीझन बाकी. सही केली तेव्हा त्याला किती पूर्ण होती? ३५. मी वर काय लिहिलंय?

ब्रॅम्प्टनचा_बंड्या
आमच्या लीगमध्ये तो पस्तिशीचा नियम नाहीये. बहुतेक. नियमांची वही साडूकडे असते.