मिनी एक्झोरा: शेंडे पिवळे पडतात, काड्या बुडाशी काळ्या होतात. काय करावं?

अबोली_पुणे

नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर 12 इंची कुंड्यांमध्ये लाल आणि पिवळा मिनी एक्झोरा आहे. सकाळी 8 ते दुपारी 1 थेट ऊन मिळतं. कुंडीत शेतातली काळी माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट आहे. पाणी बोअरचं, भांड्यात उकळलं की पांढरा थर धरतो. खत म्हणून शेणखताशिवाय महिन्यातून एकदा अंड्याच्या टरफलांची पूड आणि मूठभर राख.

शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. खालची जुनी पानं ठीक दिसतात. फुलांचे गुच्छ लहान आणि कमी.

याच झाडांच्या काड्या लावून कठड्यालगत लांबट कुंड्यांत सहा मीटरचं बुटकं कुंपण करायचं आहे. पण काड्या बुडाशी काळ्या पडतात. काहींना वर नवी पानं फुटतात, आशा वाटते, आणि मग दोन दिवसांत माना टाकतात. कोवळ्या शेंड्याची काडी, बागेतलीच माती आणि बुडाला मध, अशी पद्धत आहे. कुठे चुकतंय? आणि रोपं किती लागतील?

सामू_साडेसहा

तुम्ही दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेत, पण मूळ एकच आहे: चुना. आधी झाड हिरवं करा, काड्या त्यानंतर. उपाशी झाडाच्या काडीत साठाच कमी असतो, तिच्याकडून मुळांची अपेक्षा धरू नका.

कोवळं पान पिवळं, शीर हिरवी आणि जुनं पान ठीक, ही लोहाच्या कमतरतेची खूण. उसात यालाच केवडा पडला म्हणतात. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सरकत नाही, म्हणून उणीव नव्या पानावर आधी दिसते. मातीत लोह नसतं असं नाही. सामू, म्हणजे मातीचा पीएच, साडेसातच्या वर गेला की ते विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही. एक्झोराला 5.5 ते 6.5 सामू मानवतो. काळी माती बहुधा 7.5 ते 8.5 मध्ये असते, बोअरच्या पाण्यातून रोज बायकार्बोनेट, म्हणजे सामू चढवणारा क्षार, येतो आणि त्यावर तुम्ही टरफलं आणि राख घालताय. टरफल म्हणजे जवळजवळ निव्वळ चुना, राखही अल्कधर्मी. दोन्ही आजपासून बंद. बागप्रेमींच्या गटांत हा सल्ला सरसकट सगळ्या झाडांना दिला जातो, एक्झोरासाठी तो सरळ अपायकारक आहे. हाडांचा चुराही याच यादीत.

माती तपासायला सोपी युक्ती: कोरड्या मातीचा चमचाभर चुरा बशीत घ्या आणि त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर मोकळा चुना आहे. तसं असेल तर गंधक घालून सामू उतरवायच्या नादी लागू नका. हिशोब बघा: 12 किलो मातीत 5 टक्के चुना म्हणजे 600 ग्रॅम. तो संपवायला सुमारे 190 ग्रॅम गंधक लागेल. एवढं गंधक कुंडीत टाकलं तर आधी झाड जाईल. माती बदलणं हाच मार्ग.

नवं मिश्रण आकारमानाने असं: लाल माती 4 भाग, धुतलेलं कोकोपीट 3, चांगलं कुजलेलं पानांचं किंवा गांडूळखत 2, जाड वाळू किंवा पर्लाइट 1. लाल मातीलाही व्हिनेगरची चाचणी लावा, कारण विकायला येणाऱ्या मातीत बांधकामाचा राडारोडा मिसळलेला असू शकतो. कुंडी बदलताना मुळांचा गड्डा फोडू नका. बाहेरची माती बोटांनी हलकी झटका, तळाची गुंडाळलेली मुळं तेवढी कापा, आणि झाड आठवडाभर सावलीत ठेवा.

पाणी: शक्य असेल तर पावसाचं साठवा. नाहीतर 10 लिटर बोअरच्या पाण्यात 2 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं ते. यातून लिटरमागे साधारण 150 मिलिग्रॅम क्षारता मोडते. पाणी फार जड असेल तर 3-4 ग्रॅम लागेल. अंदाजावर जाऊ नका, पीएचची पट्टी बुडवून 6 ते 6.5 आला की थांबा.

तातडीचा उपाय म्हणून लोह द्यायचं. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकू नका, चुनखडीच्या मातीत ती लगेच निकामी होते. फवारणीला चालते: 1 लिटर पाण्यात आधी 1 ग्रॅम लिंबूफूल, मग 2.5 ग्रॅम हिराकस. हिरवट स्फटिकच घ्या, तांबूस झालेली भुकटी नको. द्रावण तेव्हाच करून तेव्हाच संपवा. संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी, 8-10 दिवसांच्या अंतराने तीन वेळा. उन्हात फवारली तर काळे ठिपके पडतात. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोहाच्या (लोह विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं असतं) डब्यावर नीट वाचा. स्वस्त मिळतं ते 12 टक्क्यांचं ईडीटीए, ते सामू साडेसहाच्या वर टिकत नाही. ईडीडीएचए 6 टक्क्यांचंच असतं आणि महाग असतं, पण 8-9 सामूतही काम करतं. 12 इंची कुंडीला 1.5 ग्रॅम, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी, कारण ते उन्हात विघटित होतं. परिणाम नव्या फुटीवर बघा. जी पानं आधीच पांढरट झालीत ती पूर्ण हिरवी होणार नाहीत.

एक गोष्ट राहिली: माती सतत चिकट ओली असली तरी हाच पिवळेपणा येतो. ओल्या, हवा नसलेल्या मातीत मुळांभोवती बायकार्बोनेट वाढतं. म्हणून काळ्या मातीत पावसाळ्यात केवडा जास्त दिसतो. कुंडीची भोकं मोकळी आहेत ना, तेही पाहा.

छाटकलम

वरच्या मजकुराशी सहमत. मी फक्त काड्यांचं सांगतो.

कोवळा शेंडा ही पहिली चूक. तो पाणी फार उडवतो आणि कुजतो लवकर. अर्धपक्व काडी हवी: हिरवी साल तपकिरी होऊ लागलेली, वाकवली तर लवचिक पण पिचकणारी नाही, जाडी 3-4 मिलिमीटर. कळी किंवा फूल नसलेली फांदी निवडा. कळी असेलच तर खुडा. लांबी 8 ते 10 सेंटिमीटर, 3-4 पेरं. खालचा काप पेराच्या अगदी खाली, धारदार ब्लेडने, कात्रीने नव्हे. कात्री साल चेंगरते आणि चेंगरलेल्या जागीच कूज सुरू होते. वरची पानांची एक जोडी ठेवा, तीही अर्धी कापा. काड्या सकाळी लवकर काढून ओल्या फडक्यात ठेवा आणि तासाभरात लावा.

मध सोडून द्या. त्यात मुळं फोडणारं संजीवक नसतं आणि ओल्या माध्यमात ती साखर बुरशीच्या कामी येते. आयबीए, म्हणजे मुळं फोडणारं संजीवक, वापरा. भुकटी 2000 ते 3000 पीपीएमची (दहा लाख भागांत तितके भाग), बुडाचा एक सेंटिमीटर भाग बुडवून जादा झटकून टाका. द्रावण करायचं तर 200 मिलिग्रॅम शुद्ध आयबीए 50 मिली अल्कोहोलमध्ये विरघळवून हळूहळू पाणी घालत 100 मिली करा. हे झालं 2000 पीपीएम. फक्त 5 ते 10 सेकंद बुडवा. जास्त तीव्र झालं तरी बूड काळं पडतं, म्हणून काळेपणा ओळखायला शिका: काळा भाग मऊ आणि वर चढत जाणारा असेल तर कूज, कोरडा आणि बुडाच्या अर्ध्या सेंटिमीटरपुरताच असेल तर संजीवकाने भाजलंय.

माध्यम म्हणजे दोन-तीन पाण्यांनी धुतलेलं कोकोपीट आणि पर्लाइट किंवा जाड नदीची वाळू, निम्मं-निम्मं. खत अजिबात नाही, बागेतली माती नाही. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत इतकीच ओल. लावण्याआधी माध्यमावर लिटरमागे 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम ओता. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी वापरणार असाल तर हे बुरशीनाशक टाळा, दोन्ही एकत्र दिलं तर ट्रायकोडर्माच मरतो. काठीने भोक पाडून काडी 3 सेंटिमीटर खोल लावा. काडीनेच माध्यम भोसकलं तर भुकटी पुसली जाते.

आता तुमची ती फसवी पालवी. काडीतला साठा आणि ओलावा यांवर वरचे डोळे फुटतात, खाली मुळं नसतात. साठा संपला की मान पडते. त्यामुळे नवं पान म्हणजे काडी लागली असं समजू नका. भोकं पाडलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासात काड्या लावल्या तर मुळं बाहेरून दिसतात, उपटून बघायची गरज नाही. ग्लासवर पिशवी घाला, पान पिशवीला टेकू देऊ नका, एक दिवसाआड पाच मिनिटं उघडा. जागा भरपूर उजेडाची पण थेट ऊन नसलेली, 50 टक्के शेडनेटखाली. मुळं यायला 5 ते 8 आठवडे. बुडाला पांढरी गाठ येऊन बसली आणि मुळं नाहीत, तर माध्यमाचा सामू जास्त किंवा गारवा जास्त. 25 ते 30 अंश तापमान हवं. म्हणून जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, डिसेंबर-जानेवारी सोडून द्या. पिवळ्या झालेल्या झाडाच्या काड्या घेऊ नका, लोह देऊन आलेली हिरवी फूट अर्धपक्व होऊ द्या.

मुळं 3-4 सेंटिमीटर झाली की पिशवी 8-10 दिवसांत थोडी थोडी उघडत काढा. मग 4-5 इंची पिशवीत वर सांगितलेल्या मिश्रणात. तीन आठवड्यांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरमागे 1 ग्रॅम, पंधरवड्याने. पानांच्या चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा, आणि पहिल्या कळ्याही. हे करायला जिवावर येतं, पण रोप बुडापासून भरतं ते यामुळेच.

मिनी जातीला 30 सेंटिमीटर अंतर पुरे. सहा मीटरला 21 रोपं. 35 ते 40 काड्या लावा.

लालमाती_सिंधुदुर्ग

कोकण-गोव्यात जांभ्याच्या आम्ल मातीत पिटकोळी, म्हणजे हाच एक्झोरा, खताविना फुलते, त्यामुळे सामूचं महत्त्व पटायला वेगळा पुरावा नको. पण इथेही नव्या गिलाव्याच्या भिंतीलगत लावलेली झाडं पिवळी पडतात, सिमेंटमधून चुना झिरपतो म्हणून. तुमचं कुंपण कठड्यालगत आहे. सिमेंटच्या कुंड्या घेऊ नका, प्लॅस्टिक किंवा फायबरच्या घ्या, आणि कठड्यापासून वीतभर लांब ठेवा.

पिवळं पडलं की लोहच, असंही धरू नका. जुन्या पानांवर तांबूस-जांभळट ठिपके येत असतील तर पालाश (पोटॅश) कमी आहे: 0:0:50, लिटरमागे 2 ग्रॅम मातीतून. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम: मॅग्नेशियम सल्फेट 5 ग्रॅम प्रति लिटर फवारा. थंडीत पानं तांबडट होतात, त्यावर औषध नको.

अबोली_पुणे

खूप आभार सगळ्यांचे. व्हिनेगरने माती फसफसली, म्हणजे माती बदलणं आलंच. दोन शंका. कुंपण सपाट ठेवायला दर पंधरा दिवसांनी कात्री चालवली तर चालेल का? आणि देठांवर तपकिरी, चिकटलेले फुगीर ठिपके आहेत, मुंग्याही फिरतात, काही पानं वरून काळी.

छाटकलम

पंधरा दिवसांनी कापलंत तर फूल दिसणारच नाही. एक्झोराचा गुच्छ नव्या फुटीच्या टोकाला येतो, तीच तुम्ही कापत राहाल. बहर ओसरल्यावर गुच्छाखालच्या दोन पेरांपर्यंत छाटा. मोठी छाटणी वर्षातून एकदा, थंडी सरल्यावर फेब्रुवारीअखेर, उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. लगेच कुजलेलं खत आणि पाणी.

ते फुगीर ठिपके म्हणजे खवले कीड. तिच्या गोड चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि त्यासाठीच मुंग्या येतात. जास्त भरलेल्या फांद्या कापून टाका. उरलेलं जुन्या टूथब्रशने साबणपाण्यात खरवडा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 1-2 मिली पातळ साबण, संध्याकाळी, आठ दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. तेल आणि हिराकस एकाच पंपात मिसळू नका, मध्ये चार दिवस जाऊ द्या. कीड असलेल्या झाडाची काडी घेऊ नका, ती पिशवीच्या उबेत झपाट्याने वाढते.

सामू_साडेसहा

फवारताना फरशी आणि कठड्यावर जुनं कापड टाका. हिराकशीचा डाग गंजाचाच असतो, सिमेंटवरून तो सहजी निघत नाही.