मेलबर्न: एक निवांत दिवस, पायी आणि ट्रामने (मदत हवी आहे, जरा लवकर!)

सईची_आई
परवा आईबाबांना मेलबर्न शहर दाखवायला न्यायचंय. एकच दिवस आहे. पायी आणि ट्रामने, आरामात. नेटवर शोधलं की ‘एका दिवसात बावीस ठिकाणं’ छापाच्या याद्या येतात, डोकं उठलं. सकाळी क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, मग ती फुकटची गोल फिरणारी ट्राम, एवढं ठरलंय. पुढे काय करू? नवऱ्याचं नेहमीप्रमाणे ‘तूच बघ’ चाललंय.

यारातीरी
परवा म्हणजे कुठला वार? उतरलात कुठे? आईबाबांना चालणं कितपत झेपतं?

पायाला_भिंगरी
शहरात काय ठेवलंय? ग्रेट ओशन रोड करा. पहाटे पाचला गाडी काढली की रात्री दहाला घरात. आम्ही केलंय.

सईची_आई
गाडी नाहीये हो. आणि पहाटे पाच म्हणजे निवांत?

पायाला_भिंगरी
मग फिलिप आयलंड, पेंग्विन बघायला. टूरची बस मिळते.

बाब्या_मेलबर्नकर
ताई, ह्यांचं ऐकू नका. शहराच्या मधल्या भागात २०१५ पासून सगळ्याच ट्राम फुकट आहेत. तेवढ्यातच फिरणार असाल तर मायकी कार्ड (ट्रेन-ट्रामचं भाडं भरायचं कार्ड) मशीनला लावायचंच नाही, लावलंत तर पैसे कापले जातात. ३५ नंबरची सिटी सर्कल धरा. जुनी डब्ल्यू क्लासची ट्राम, लाकडी बांधणी, काय शान असते! दिवसभर चढा-उतरा, खिशाला चाट नाही.

यारातीरी
बाब्या, त्यांनी वयं अजून सांगितलेली नाहीत. त्या जुन्या ट्रामच्या पायऱ्या उंच आहेत. माझ्या सासूबाईंना मी खालून रेटत होते आणि वरून एक शाळकरी पोरगा हात धरून ओढत होता. मागे लोक खोळंबलेले. उतरताना त्या म्हणाल्या, ‘आता घरी चल.’ फुकट ते पौष्टिक नसतं.

बाब्या_मेलबर्नकर
माझी आई बहात्तराव्या वर्षी चढली.

पक्का_दादरकर
ट्रामचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ला विजेची आली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला आली. दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. माझे वडील त्या रात्री गर्दीत उभे होते. नोकरशहांनी तेव्हा थोडी कळ काढली असती तर...

यारातीरी
काका, वेगळा धागा काढा ना. मी येईन वाचायला.

सईची_आई
सोमवार आहे. टार्निट उपनगरात नणंदेकडे उतरलोय. आईचा उजवा गुडघा दुखतो, सपाटीवर चालते पण जिना नको म्हणते. बाबांना एमसीजी, म्हणजे मेलबर्नचं क्रिकेट मैदान बघायचंय, बाकी कशाशी घेणंदेणं नाही. हे सगळं महत्त्वाचं आहे का?

यारातीरी
अहो बाई! सोमवारी आणि बुधवारी मार्केट बंद असतं. तुम्ही त्या शेडखाली बंद गाळे बघत उभ्या राहिला असतात.

आणि टार्निटहून म्हणजे ट्रेनने साउदर्न क्रॉसला येणार. तिथे कार्ड लावावं लागणारच. सकाळी दोन तासांचं भाडं, संध्याकाळी परतताना पुन्हा तेवढंच, आणि दिवसाची कमाल रक्कम म्हणजे या दोन्हींची बेरीज, त्यावर काही नाही. मधल्या ट्रामचं वेगळं काही पडत नाही. म्हणजे ‘फुकट हद्द’ हा तुमचा प्रश्नच नाही. कुठेही जा.

माझं ऐका, एकच ट्राम धरा, ९६. स्टेशनबाहेर स्पेन्सर स्ट्रीटवरच मिळते. फरशी खाली, थांब्याच्या फलाटाला जवळपास समतल, आई सरळ चालत आत जाईल. बर्क स्ट्रीट मॉलला उतरा. रॉयल आर्केड आणि ब्लॉक आर्केड जवळजवळच आहेत, पहिली १८७० सालची. तिथून स्वॉन्स्टन स्ट्रीटने स्टेट लायब्ररी. अष्टकोनी घुमटाचं वाचनालय १९१३ सालचं आहे, प्रवेश फुकट, बसायला जागा. लिफ्टची चौकशी दारातच करा. दुपारनंतर तीच ९६ उलट दिशेने शेवटपर्यंत, सेंट किल्डा. समुद्र, लूना पार्क या जत्रेसारख्या बागेच्या दारावरचं आ वासलेलं तोंड, ऍकलंड स्ट्रीटचे केक.

बाब्या_मेलबर्नकर
एमसीजी राहिलं की. जॉलिमॉंट स्टेशन मैदानाच्या जवळच आहे. बाबांचं काम झालं. १८७७ची पहिली कसोटी तिथलीच!

यारातीरी
हे मात्र बरोबर. फक्त एमसीजी आणि सेंट किल्डा, दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

नवखा_प्रवासी
फुकटच्या हद्दीबद्दल एक. मी खिडकीतून बघत बसलो आणि हद्दीच्या पुढे दोन थांबे गेलो. कार्ड लावलेलं नव्हतं. तपासनीस आला. ट्राममध्ये कार्ड विकत मिळत नाही, भरताही येत नाही. ‘हद्द कळली नाही’ हे मी तीनदा सांगितलं, त्याने तीनदा मान डोलावली आणि दंड लिहिला.

बाब्या_मेलबर्नकर
ट्राममध्ये घोषणा होते हो.

नवखा_प्रवासी
कानात गाणी होती.

सईची_आई
आम्हां चौघांत एक कार्ड चालेल का? नणंदेकडे एक जास्तीचं आहे.

यारातीरी
नाही. माणशी एक. आणि जाकिटं घ्या, सकाळी ऊन दिसलं तरी.

सईची_आई (मंगळवार)
जाऊन आलो. सेंट किल्डा राहिलंच. लायब्ररीत आई घुमटाखाली त्या हिरव्या दिव्याच्या टेबलाशी बसली ती दीड तास उठली नाही. पुस्तक वगैरे काही नाही, नुसती बसून. बाबा एमसीजीबाहेर शेन वॉर्नच्या पुतळ्यासमोर, मनगट वळवून गुगली कशी पडायची ते नवऱ्याला शिकवत होते. नवरा म्हणतो, पुढच्या वेळी सगळं तूच बघ.

पक्का_दादरकर
वॉर्नचं खरं अस्त्र लेगब्रेक. गुगली नव्हे. वेगळा धागा काढतो.

पायाला_भिंगरी
पेंग्विन कधी?