'मी तुला खांदा देईन' म्हणणारा मित्र: इंग्रजीतला आधार मराठीत आणायचा कसा?

मुळाकाठची

एका परदेशी मालिकेची मराठी उपशीर्षकं तपासायला आली आहेत. (कंपनीचं नाव विचारू नका, बिल अजून निघायचंय.) प्रसंग असा: इस्पितळातल्या कॉटवर मैत्रीण, शेजारी स्टुलावर मित्र. तो म्हणतो, 'यू कॅन ऑलवेज क्राय ऑन माय शोल्डर.' खाली मराठी ओळ: 'मी तुला कधीही खांदा द्यायला तयार आहे.'

तिचं साधं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय हो!

पुढे एक पोलीस आपल्या जोडीदाराला 'आय हॅव गॉट युअर बॅक' म्हणतो, त्याचं झालंय 'मी तुला पाठीशी घालतो'. पाठीशी कुणाला घालतात? लाच खाल्लेल्या कारकुनाला साहेब घालतो. 'लीन ऑन मी'चं 'माझ्यावर टेक', 'काउंट ऑन अस'चं 'आमच्यावर मोजा'. काय मोजा? नोटा?

माझं मत सरळ आहे. आधार, भरवसा, पाठबळ या भागातला एकही इंग्रजी वाक्प्रचार शब्दशः मराठीत आणू नये. पाठ, खांदा, हात दोन्ही भाषांत आहेत, म्हणूनच इथे जास्त फसगत होते. खांद्यावर इंग्रज रडतो, आपण तिरडी घेतो. हात आपणही टेकतो, पण ते कंटाळून. गुडघे टेकतो ते हरल्यावर. मराठीत जे आहे ते वापरा, नसेल तर साधं वाक्य लिहा. भांडायचं असेल तर भांडा, फक्त 'भाषा प्रवाही असते' एवढंच लिहून पळू नका.

डब्लिनचा_पाऊस

भांडतो. 'खांदा देईन' वाचून मीही हसलो, पण एका वाईट भाषांतरावरून कायदा कशाला? शेती हा अर्थव्यवस्थेचा 'कणा', लोकल ही मुंबईची 'जीवनवाहिनी', संस्थेनं पुढे केलेला 'मदतीचा हात'. हे काय ज्ञानेश्वरांच्या काळापासून आहे? कुणीतरी बॅकबोन आणि लाइफलाइन समोर ठेवूनच केलं असणार. तेव्हाही कुणी नाक मुरडलं असेल, आज कुणाला खटकत नाही.

माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. मराठीतला आधार वरून खाली येतो, नाहीतर खालून वर जातो. पाठीवर हात मोठ्यांनी ठेवायचा. आधारवड म्हणजे घरातले आजोबा, नाहीतर वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे नगरसेवक. म्हातारपणाची काठी म्हणजे मुलगा. बरोबरीच्या माणसानं बरोबरीच्या माणसाला काय म्हणायचं? गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. घरात सोबत राहणारा आयरिश मुलगा एवढंच म्हणाला, 'आय हॅव गॉट यू.' त्या महिन्याचं माझं भाडं त्यानं भरलं. हे मला मराठीत आठ दिवसांत कुणी म्हटलं नाही. बाबा फोनवर म्हणाले, 'होईल सगळं नीट. जेवलास का?'

खडू_फळा

३४ वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून बोलतो. डब्लिनकर, वडिलांचं 'जेवलास का' हेच 'आय हॅव गॉट यू'चं मराठी. ते तुम्हाला ऐकू आलं नाही.

आता थोडं मुळात जाऊ. 'डिपेंड' हा शब्द लॅटिनमधून आला, अर्थ 'खाली लोंबणे'. आपलं 'अवलंबून' घ्या. अव अधिक लंब, तेच लोंबणं. इंग्रजीतलं 'लीन' आणि संस्कृतातला 'श्रि' हा धातू, ज्यावरून आपला 'आश्रय' आला, हे दूरचे चुलतभाऊ आहेत, दोन्हींच्या मुळाशी रेलणंच आहे. 'रिलाय'च्या मुळाशी लॅटिन 'बांधणे' आहे. 'सपोर्ट' म्हणजे खालून उचलून धरणं. सगळी चित्रं आपल्या ओळखीची. मग उसनवारी कशाला?

आणि इंग्रजीत आधाराचं सगळंच गोड नाही. त्याच 'लीन ऑन'चा दुसरा अर्थ एखाद्याला दमात घेणं असा आहे. 'ब्रोकन रीड' बायबलातला. यरुशलेमच्या तटाखाली अश्शूरी राजाचा अधिकारी उभा राहून यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांना सुनावतो की तुम्ही इजिप्तवर विसंबलात, तो मोडका बोरू आहे, त्यावर भार टाकाल तर तो तुमच्याच तळहातात घुसेल. काय चित्र आहे! नुसता 'बेभरवशाचा' म्हटलं की तो बोचरेपणा जातो. हे मात्र मला मराठीत आणायला आवडेल.

मुळाकाठची

सर, तुम्ही माझ्या बाजूनं आलात असं वाटलं होतं. शेवटच्या चार ओळींत पलीकडे गेलात.

डब्लिनचा_पाऊस

@खडू_फळा, राग मानू नका, पण 'जेवलास का म्हणजेच प्रेम' हे उत्तर मला पाठ आहे. प्रत्येक दिवाळी अंकात एक लेख असतो त्यावर. बाबांचं प्रेम मला कळतं. पण समजून घेण्याचं काम दरवेळी ऐकणाऱ्यानंच का करायचं? म्हणणाऱ्यानं एकदा तरी म्हणावं की. इंग्रजीत ते वाक्य तयार मिळतं, उचलायचं आणि म्हणायचं. स्वस्त असेल, पण मिळतं.

सिलीपॉइंट

शब्दशः आणलेलं रुजत नाही म्हणणाऱ्यांसाठी. 'शीट अँकर' हा जहाजावरचा मोठा नांगर, अगदी गरजेच्या वेळी टाकायचा, मग ज्याच्यावर शेवटची भिस्त तो माणूस. क्रिकेटमध्ये आला आणि मराठीत त्याचं 'नांगर टाकून खेळणं' झालं. २००१ साली कोलकात्यात फॉलोऑननंतर लक्ष्मण २८१, द्रविड १८०, भागी ३७६ धावांची, चौथ्या दिवशी एकही विकेट नाही. 'द्रविडनं नांगर टाकला' यापेक्षा चांगलं मराठी करून दाखवा.

बांधावरून

सिलीपॉइंट दादा, लहानपणी पेपरात असंच वाचलं होतं की अमक्यानं एका बाजूनं नांगर टाकला. मला वाटलं गडी दमला, औत सोडून झाडाखाली जाऊन बसला. आमच्याकडं नांगर धरत्यात. टाकला म्हणजे कटाळला. जहाजाचा पण नांगरच असतो हे मला लय उशिरा कळलं, आमच्या जालन्यात समुद्र कुठाय.

डब्लिनच्या भावाला सांगतो. बरोबरीच्या माणसाचा आधार मराठीत नाही कोण म्हणतं? 'सावड' ऐकलंय का? माझ्याकडं एक बैल, तुझ्याकडं एक. दोन मिळून जोडी होते, आज तुझं रान, उद्या माझं. आमच्या खुरपणीला तुमच्या घरचे चार, तुमच्या खुरपणीला आमचे चार. पैशाचा संबंध नाही, ती सावड फेडायची असते. आणि 'इर्जिक'. एखाद्याचं काम अडलं की गावातल्या औतवाल्यांनी आपापली औतं घेऊन एका दिवसात त्याचं रान उरकायचं, त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. इथं कुणी कुणाच्या पाठीवर हात ठेवत नाही, सगळे एका तासात, म्हणजे औताच्या एका ओळीत, चालतात. आता ट्रॅक्टर आले, इर्जिक गेली, तर शब्दच नव्हता म्हणायला लागले लोक.

दुसरं, ते 'सेफ्टी नेट'. कृषी विभागाच्या एका कार्यक्रमात पडद्यावर 'शेतकऱ्यांसाठी सुरक्षा जाळे' असं लिहून आलं. मागून एक म्हातारा म्हणला, 'जाळ्यात तर आधीच हाये, आता सुरक्षा काय ते सांगा.' सर्कशीतलं जाळं झेलतं, आमचं जाळं धरतं. १९७२ च्या दुष्काळात माझ्या आजीनं खडी फोडली. तेव्हा सुरू झालेल्या योजनेचा १९७७ ला कायदा झाला. तिचं नाव काय? रोजगार हमी. हमी! शिकलेली माणसं सेफ्टी नेट म्हणतात ते हेच, आणि आजीला समजून सांगावं लागलं नाही.

मुळाकाठची

@बांधावरून, तुम्हाला साष्टांग. 'हमी' माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि 'आय हॅव गॉट युअर बॅक'ला आपला 'पाठराखण' शब्द आहेच. नवी नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत घरातली एखादी मुलगी किंवा बाई 'पाठराखीण' म्हणून जायची. परक्या घरात पहिले काही दिवस ओळखीचं एक माणूस. उपदेश नाही, मोठेपणा नाही, नुसती सोबत. डब्लिनकर, हे बरोबरीचंच नातं झालं ना? मला तर तो पोलिसी 'बॅक' त्यापुढे कोरडा वाटतो.

अजून एक. बुडत्याला काडीचा आधार हे आपलं. इंग्रजीतही तोच बुडणारा माणूस आणि तीच काडी: 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज'. पण ते म्हणतात तेव्हा त्यात कीव असते, थोडी चेष्टाही, की बघा हा कशाला धरतोय. आपण म्हणतो तेव्हा काडीचंही मोल असतं. ते काठावरून बघतात, आपण पाण्यातून. 'ग्रास्पिंग ॲट स्ट्रॉज' दिसलं की डोळे मिटून 'काडीचा आधार' लिहिणाऱ्यांनी इथे थांबावं.

खडू_फळा

काडीचं पटलं. पण त्यावरून मराठी मन हळवं आणि इंग्रज कोरडा असा निष्कर्ष काढाल तर लाल शाई वापरीन. 'दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणे' कुणाचं? जो दुसऱ्यावर विसंबला त्याचा कार्यभाग बुडाला, हे आपण पोरांना उठताबसता ऐकवतो. परावलंबी ही शिवी आहे आपल्याकडे. 'कुबड्या' तर राजकारणात रोज निघतात. १९९० मध्ये चंद्रशेखर काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले, मार्च १९९१ मध्ये राजीनामा देऊन मोकळे. त्याला आपण 'टेकू' म्हणतो, प्रेमानं नव्हे.

रात्रपाळी

आठवड्यातून दोन रात्री मी एका हेल्पलाइनवर फोन घेते. आम्हाला मिळालेली माहितीपुस्तिका इंग्रजीवरून केलेली. 'आय ॲम हिअर फॉर यू' याचं तिच्यात 'मी तुमच्यासाठी इथे आहे'. सुरुवातीला मी तसंच म्हणायचे. एकदा पलीकडचे गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'इथं म्हणजे कुठं, ताई?'

मला उत्तर देता येईना. तेव्हापासून मी 'बोला, मला वेळ आहे' म्हणते. लोक बोलतात. कधी नुसतं 'मी आहे' पुरतं. त्याला 'तुमच्यासाठी' जोडलं की ते बँकेच्या काउंटरवरचं वाटायला लागतं.

म्हणजे मी मुळाकाठचीच्या बाजूनं, असं समजू नका. एकोणीस-वीस वर्षांच्या मुली फोनवर म्हणतात, 'ती माझी सेफ स्पेस होती आणि आता बोलत नाही माझ्याशी.' हे त्या मराठी वाक्यात म्हणतात आणि त्यांना दुसरं काही म्हणायचं नसतं. मी तिथे 'हक्काची जागा' सुचवत बसू? त्यांना त्यांचा शब्द सापडलाय, तो कुठून का येईना. सावड, इर्जिक, पाठराखीण वाचून मलाही भरून आलं, पण रात्री दोन वाजता ज्याला कुणी नाही त्याला हे शब्द माहीत नाहीत. आणि आपला 'मदत' शब्दसुद्धा मुळात अरबी आहे, 'त्याला कुणी वाली नाही' मधला वालीही. आधाराचे शब्द आपण कायम बाहेरूनही घेतलेत.

मुळाकाठची

रात्रपाळी ताई, तो 'इथं म्हणजे कुठं' डोक्यातून जात नाहीये. पण बघा, तुमचं उदाहरण माझ्याच नियमात बसतं. मुलींनी 'सेफ स्पेस' तसाच घेतला, 'सुरक्षित अवकाश' नाही केला! शब्द उचलून आणा, मला चालतं, मदतही तशीच आली. माझं भांडण त्याचं कातडं सोलून मराठी कातडं चढवण्याशी आहे.

सिलीपॉइंट

मग नांगर? ते कातडंच की.

मुळाकाठची

नांगर अपवाद. (बांधावरूनना विचारा, तोही नाही.)

डब्लिनचा_पाऊस

मी अजून हरलेलो नाही. इर्जिक सुंदर आहे, पण ते काम आहे, बोलणं नाही. माझी तक्रार बोलण्याबद्दल होती. सावड फेडता येते, तिला 'मी आहे' म्हणावं लागत नाही. म्हणून तर आपण म्हणायचं शिकलो नाही.

काल बाबांना फोन केला आणि मुद्दाम विचारलं की तुमच्या वेळी मित्राची नोकरी गेली तर काय म्हणायचात. म्हणाले, 'म्हणायचं काय त्यात? संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसायचं.' इथून संध्याकाळी जाऊन बसता येत नाही. म्हणून वाक्य लागतं मला.

बांधावरून

हे पटलं. लांब असलं की वाक्यच लागतं.

मुळाकाठची

ते पटलं मलाही, आणि आज रात्री फाइल द्यायची आहे. ओळीला चाळीसेक अक्षरांची जागा. 'खांदा' काढून 'रडावंसं वाटलं तर ये माझ्याकडे' केलं. पोलिसाच्या तोंडी 'पाठराखण करीन' बसेना, कीर्तनकार वाटायला लागला. शेवटी 'जा तू, मी आहे मागे' लिहिलं.

डब्लिनचा_पाऊस

'मागे' लिहिलंत? म्हणजे बॅक आलीच की शब्दशः!

मुळाकाठची

आली. बिल निघू दे, मग बोलू.