यादृच्छिक बलाने ढवळलेला प्रवाह: −५/३ हा घातांक सिद्ध होतो की आधीच पेरलेला असतो?

भोवरा:
प्रक्षुब्ध, म्हणजे खळबळत्या, प्रवाहाचे सांख्यिकीय वर्णन करण्यासाठी नेव्हिअर-स्टोक्स समीकरणात (द्रवाच्या गतीच्या समीकरणात) यादृच्छिक बल मिळवायचे आणि पुनर्सामान्यीकरणाचे, म्हणजे लहान भोवऱ्यांचा परिणाम टप्प्याटप्प्याने सरासरीत सामावून घेण्याचे, तंत्र चालवायचे, ही वाट फॉर्स्टर, नेल्सन व स्टीफन यांनी १९७७ मध्ये पाडली. १९७९ मध्ये द डोमिनिसिस व मार्टिन यांनी या बलाचे विचरण (चढउतारांचे माप) तरंगांकाच्या घातानुसार बदलते ठेवले; तरंगांक जितका मोठा, तितका भोवरा लहान. त्रिमितीत हा घात −३ धरला, की कोल्मोगोरोव्हच्या १९४१ च्या सिद्धांतातला −५/३ हा ऊर्जा-वर्णपटाचा (कोणत्या आकाराच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा, याचा) घातांक हाती येतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. असे बल लहानमोठ्या सगळ्याच भोवऱ्यांत ऊर्जा ओतते, आणि त्याचा घात असा निवडलेला असतो की नुसत्या मितीय विश्लेषणानेही, म्हणजे एककांच्या हिशेबानेही, −५/३ च यावा. आडात आपणच ओतलेले पाणी पोहऱ्यात आले, तर झरा सापडला असे म्हणू नये. याखोत व ओर्झॅग यांनी १९८६ मध्ये काढलेला १.६१७ हा कोल्मोगोरोव्हच्या वर्णपट-सूत्रातला गुणक स्थिरांक मापनांच्या जवळ जातो खरा. परंतु त्या गणितात एकच प्राचल एके ठिकाणी ४ आणि दुसरीकडे ० धरावे लागते!

गणिती:
आपला आक्षेप एका विशिष्ट बलाला लागू पडतो, पद्धतीला नव्हे. बल केवळ मोठ्या भोवऱ्यांवरही लावता येते. शिवाय ते काळाच्या दृष्टीने श्वेत, म्हणजे पूर्वस्मृती नसलेले असेल, तर सरासरी किती ऊर्जा आत जाते हे प्रवाहाच्या वेगावर अवलंबून न राहता बलाच्या विचरणावरूनच ठरते. निश्चित, म्हणजे यादृच्छिक नसलेल्या, बलाच्या बाबतीत ही सोय नसते. हेअरर व मॅटिंगली यांनी २००६ मध्ये सिद्ध केले, की द्विमितीत मोजक्या तरंगांवर असे बल लावले तरी प्रवाहाची सांख्यिकीय स्थिर अवस्था एकमेव असते, मग श्यानता (द्रवाचा चिकटपणा) कितीही कमी असो. ‘दीर्घकालीन सरासरी’ या शब्दांना त्यामुळे ठाम आधार मिळतो.

भोवरा:
पण तो निकाल द्विमितीचा; द्विमितीत ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांकडे वाहते, लहानांकडे नव्हे. त्रिमितीत तर गुळगुळीत उकल कायम टिकते का, हेच अजून अनिर्णित आहे.

संगणकी:
दोघांनीही बंगळुरूचे काम वगळले आहे. सैन, मनू व पंडित यांनी १९९८ मध्ये −३ घाताचे हेच बल संगणकावर त्रिमितीत चालवले. कोल्मोगोरोव्हच्या साध्या नियमानुसार दोन बिंदूंमधील वेगफरकाच्या p-व्या आघूर्णाचा (p-व्या घाताच्या सरासरीचा) अंतरानुसार बदलण्याचा घातांक p/३ असायला हवा. प्रत्यक्षात तो त्यापासून ढळतो, कारण तीव्र बदल मोजक्या जागी एकवटतात. या यादृच्छिक प्रतिमानातही तसेच ढळणे दिसले आणि घातांकांची गुणोत्तरे निश्चित बलाच्या प्रवाहाशी जुळली. हे ढळणे तर बलात कोणी पेरलेले नव्हते. त्याहून लक्षणीय म्हणजे, निश्चित बलाच्या प्रवाहात स्पष्ट दिसणारे भोवऱ्यांचे तंतू इथे आढळले नाहीत, त्यामुळे घातांकांचे मूळ तंतूंत शोधणाऱ्यांनी थांबून विचार करावा.

भोवरा:
तंतूच नाहीत, तर तो वेगळा प्रवाह आहे, असे मी म्हणेन. ढळण्याविषयी म्हणाल, तर २००५ मध्ये मित्रा, बेक, पंडित व फ्रिश यांनी बर्गर्स समीकरणाला (नेव्हिअर-स्टोक्सच्या सोप्या, दाबाविना रूपाला) एकमितीत असेच घातानुसारी बल लावले. अतिसूक्ष्म गणनेतही घातांक ढळलेले दिसले आणि नेहमीच्या कसोट्यांना ते पुरून उरले. तरीही साध्या घातनियमाला जोडलेल्या लॉगरिदमी दुरुस्त्याच ढळण्याचे असे सोंग घेऊ शकतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्रिमितीतील गणना तेवढ्या सूक्ष्मतेने होईपर्यंत १९९८ च्या गुणोत्तरांना मी पुरावा मानणार नाही.