प्रश्न विचारून टीम चालवणारे नाशिककर: तुमचे अनुभव लिहा

अंबडची क्वालिटीवाली
सातपूर-अंबडपासून सिन्नरच्या माळेगावपर्यंत बऱ्याच कारखान्यांत भिंतीवर, बिघाडाचं मूळ शोधायला पाच वेळा 'का?' विचारायचा तक्ता लटकलेला असतो. आणि त्याच तक्त्याखाली उभं राहून साहेब विचारतात, "हे कोणी केलं?" म्हणून हा धागा. तुम्ही कुठलीही टीम सांभाळत असाल, कारखान्यात, पॅकहाउसमध्ये, दवाखान्यात, ऑफिसात, तर हुकूम न सोडता नेमका कोणता प्रश्न विचारलात आणि त्यानं प्रत्यक्ष काय बदललं, ते लिहा. ट्रेनिंगच्या स्लाइडी नकोत, त्या सगळ्यांकडे आहेत.

टर्नरचा सुपरवायझर
मी एका मशीन शॉपमध्ये सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारी कातकामाची मशीनं) बघतो. एका जॉबचा बोअर, म्हणजे आतलं भोक, अधूनमधून साइजबाहेर जायचा. रिपोर्टमध्ये कारण ठरलेलं, 'ऑपरेटरचा हलगर्जीपणा'. उपायही ठरलेला, 'समज दिली'. थोडे दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच.

रिपोर्ट टेबलावर ठेवून मशीनपाशी गेलो. तिथल्या जुन्या ऑपरेटरना विचारलं, "मामा, दिवसभरात या मशीनवर जास्त लक्ष कधी ठेवावं लागतं?" ते लगेच म्हणाले, "जेवणानंतर. पहिले चार-पाच पीस मी भरवशाचे धरतच नाही."

सगळं त्यातच होतं. सुट्टीत मशीन बंद, स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) थंड. चालू केलं की तापतो, धातू प्रसरण पावतो, साइज सरकते. नवा पोरगा पहिला पीस मोजून ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) देतो, आणि मशीन तापल्यावर तोच ऑफसेट साइज उलट्या बाजूला नेतो. मामांनी हे पूर्वी मशीन लावून देणाऱ्या सेटरला सांगितलंही होतं. त्यानं ते 'जुन्या लोकांच्या सवयी'त जमा केलं.

आता जेवायला आलटून पालटून जातात, मशीन थांबत नाही. जिथं थांबवावंच लागतं तिथं आधी वॉर्म-अप सायकल. ऑफसेट दिला की शेजारी वेळ लिहायची. रिजेक्शन पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, पण 'समज दिली' रिपोर्टातून गेलं.

टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणाऱ्या ताइची ओनोंचं पाच 'का'चं उदाहरण ट्रेनिंगला गेलेल्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं. मशीन बंद पडलं, कारण फ्यूज उडाला. फ्यूज उडाला, कारण लोड जास्त झाला. लोड जास्त, कारण बेअरिंगला तेल कमी. तेल कमी, कारण पंप पुरेसं ओढत नव्हता. पंपाचा शाफ्ट झिजलेला, कारण गाळणी नसल्यानं धातूचा कीस आत जात होता. लोक त्यातले 'का' मोजत बसतात. मला दिसतं ते असं की सबंध साखळीत एकाही माणसाचं नाव नाही.

द्राक्षताई
दिंडोरी तालुक्यात एक्स्पोर्टच्या द्राक्षांचं पॅकहाउस. हंगामात वरून दिवसभर एकच धोशा, "हात उचला!" त्यालाही कारण आहे. तोडलेला माल लवकर प्रीकूलिंगला (थंड करायला) गेला नाही तर देठ सुकतात.

मी बायांना विचारलं, "मावशी, हात अडतो कुठं?" आठवडाभर उत्तर एकच, "काही नाही ताई, सगळं बरंय." मुकादम शेजारीच उभा असायचा ना! तो चहाला गेल्यावर विचारायला लागले, तेव्हा एकजण बोलली. "पाचशे ग्रॅमचं पनेट, म्हणजे प्लास्टिकची डबी, भरताना शेवटचा तुकडा बसत नाही. घड ठेवला तर वजन जास्त, काढला तर कमी." म्हणजे शेवटच्या थोड्या ग्रॅमसाठी तोच घड पुन्हा पुन्हा हातात, आणि मणी गळतात. आम्ही मात्र 'हात हळू' म्हणून ओरडत होतो.

तोड त्यांनीच काढली. दोघींच्या मध्ये छोट्या तुकड्यांचा एक ट्रे, वजन त्यातून जुळवायचं. पुढच्या हंगामात हलक्या कात्र्या मागितल्या, त्याही दिल्या. आणि आता मुकादमासमोरही बोलतात. त्याला ते फारसं आवडत नाही, हे वेगळं.

आयटीवाला, मुंबई नाका
आमच्या रेट्रोमध्ये (झालेल्या कामावर मागे वळून बघायच्या मीटिंगमध्ये) मॅनेजर सगळ्यात शेवटी बोलतो. बाकी काही बदललं नाही, पण त्याच्याआधी बोलणारे आता खरं बोलतात.

नाइट ड्यूटी
ड्यूटी बदलताना "सगळं झालं ना?" असं विचारलं की "हो" येतं. आमच्या सिस्टर इनचार्ज विचारतात, "कुठल्या पेशंटची काळजी वाटतेय?" मग बेड नंबरसकट सांगतो आम्ही.

कायझेनग्रस्त
वाचायला छान आहे सगळं. आमच्याकडे महिन्याला माणशी एक कायझेन (कामातली छोटी सुधारणा) सक्तीचं आहे. सुरुवातीला लोकांनी मनापासून लिहिलं, फॉर्म फायलीत गेले. आता महिनाअखेरीला काहीही खरडतात. परवा एकानं कचऱ्याचा डबा दहा फूट सरकवला आणि आधी-नंतरचे फोटो लावले. प्रश्न विचारणाऱ्यांनो, उत्तराचं पुढं काय करता ते सांगा.

निवृत्त सातपूरकर
कायझेनग्रस्त, रास्त बोललात. जपानात 1962 पासून गुणवत्तातज्ज्ञ इशिकावांनी क्वालिटी सर्कल, म्हणजे कामगारांनीच एकत्र बसून कामातल्या अडचणी सोडवायचे गट, रुजवलं. आपल्याकडे हैदराबादच्या भेल या सरकारी कंपनीत ते 1980 च्या सुमारास आलं, 1982 मध्ये त्याच शहरात त्याची देशपातळीवरची संस्था झाली. नंतर आमच्याही कंपनीत सर्कल निघाली. जी टिकली त्यांचा लीडर एक पथ्य पाळायचा. आलेल्या सूचनेला आठवड्याच्या आत उत्तर, मग ते 'नाही' का असेना, आणि 'नाही'चं कारण स्वतः माणसापाशी जाऊन सांगायचं. जिथं हे सुटलं तिथं सर्कल फक्त स्पर्धेच्या फलकांवर उरली.

एक विचारू? तो डबा का सरकवला, हे त्याला कोणी विचारलं का?

कायझेनग्रस्त
काका, तुमचं वाचून आज विचारलं. जुन्या जागी वळताना फोर्कलिफ्ट त्याला घासायची, म्हणून चालक रुंद वळण घेऊन पायवाटेच्या पट्ट्यावर यायचा. त्यानं मेंटेनन्सला दोनदा सांगितलं होतं. कायझेनच्या फॉर्मवर लिहिल्याशिवाय डबा हलवायची परवानगी मिळेना, म्हणून फॉर्म भरला. फॉर्मवर 'कारण' असा रकानाच नाही, फोटोला मात्र दोन चौकटी आहेत. उद्या तो रकाना घालून घेतो. सक्ती नको, हे माझं म्हणणं मात्र तसंच आहे.